कपाळावरची आठी

नूडल्स खाताना आवाज केला नाही तर जपानी स्वयंपाक्याला वाईट वाटतं, हे ज्ञान मला माझ्या नवऱ्याने दिलं. भर हॉटेलात, आपल्या साहेबांच्या समोर, चॉपस्टिक्स हवेत धरून. ज्या माणसाने माझ्या वडिलांच्या भुरक्यांवरून घर डोक्यावर घेतलं होतं, त्याच माणसाने. तेव्हा माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून शांत झालेला नाही, आणि होऊही नये अशीच माझी इच्छा आहे.

पण आधी बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा आयुष्यभर कापडाच्या कारखान्यात माग चालवत होते. एका छताखाली शंभरेक माग एकदम खडखडायचे, तिथे कोणी कोणाशी बोलायचं नाही. बोलून उपयोगच नसायचा. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून कामं करायची. मुकादम चिडला की त्याचा आवाज यायचा नाही, फक्त त्याच्या कपाळावरची आठी दिसायची आणि मग आपलं काय चुकलं ते आपणच शोधायचं. निवृत्त होईपर्यंत बाबांचे दोन्ही कान गेले. नंतर श्रवणयंत्र आलं, पण ते मेलं स्वतःच शिट्ट्या मारायचं, आणि ताटवाट्यांचा आवाज त्यातून डोक्यात खिळ्यासारखा जायचा. म्हणून जेवायला बसताना बाबा ते काढून शर्टाच्या खिशात ठेवत. जेवणापुरते ते ठार बहिरे.

त्यामुळे आपण किती जोरात भुरके मारतो हे त्यांना कधी कळलंच नाही. चहा असो, सूप असो, बाबांचा भुरका जिन्यापर्यंत जायचा. आईची त्याला कधी हरकत नव्हती. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून कान देऊन ऐकायची. "आला भुरका. म्हणजे मीठ बरोबर पडलंय," असं म्हणून मग स्वतःचं वाढून घ्यायची.

आई गेली आणि बाबा एकटे राहायला लागले. एकदा चहाचं भांडं गॅसवर जळून कोळसा झालं, घरभर धूर, शेजारी दार बडवतायत, आणि बाबा पलीकडच्या खोलीत निवांत पेपर वाचतायत. त्या दिवशी मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले. आमचे हे म्हणाले, "महिनाभर बघू. जमलं तर ठीक, नाहीतर ती वृद्धांची संस्था आहेच. मी बोलून ठेवलंय, जागा आहे." हे सगळं माझ्या हातातल्या बाबांच्या पिशव्या जमिनीवर टेकायच्या आत.

बाबांनी ह्यांच्या ओठांवरून सगळं वाचलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ठमे, तुझ्याजवळच राहू दे गं मला. कोपऱ्यात पडून राहीन." मला ठमी म्हणणारं आता जगात दुसरं कोणी उरलेलं नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही कुठे जात नाही. मी बसलेय ना इथे."

पहिल्याच रात्री टोमॅटोचं सूप होतं. बाबांनी पहिला भुरका मारला आणि ह्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध उभी आठी पडली. दुसऱ्या भुरक्याला हे मला म्हणाले, "हे जेवण चाललंय की पंप लावलाय?" मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. तुमच्या घोरण्यावर मी कधी पंप लावल्याची तक्रार केली का, इथपासून मी सुरुवात केली. हे ताट उचलून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून जेवले. बाबांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "मी आवाज करतो का गं जेवताना?"

"छे," मी म्हटलं. पण जन्मभर माणसांचे चेहरे वाचलेल्या माणसाला असली थाप काय पचणार.

दुसऱ्या दिवसापासून बाबांची शिकवणी सुरू झाली. हे ऑफिसला गेले की बाबा माझ्यासमोर वाटी घेऊन बसत. एक चमचा सूप तोंडात घालत, गिळत आणि बोट वर करून विचारत, "आला का आवाज?" आला, असं मी मानेने सांगायची. मग सूप गार करून. मग चमचा तोंडात पार आतपर्यंत नेऊन. मग पाव भिजवून. मी वैतागून म्हणायची, "बाबा, पुरे झालं हे, तुम्हाला हवं तसं जेवा." पण त्यांना माझ्याजवळ राहायचं होतं. शेवटी आवाज बंद झाला. बाबा सगळं गार खायला लागले, बारीक तुकडे करून, ओठ घट्ट मिटून. आणि रात्री ह्यांच्यासमोर बसले की त्यांचं लक्ष ताटात नसायचंच. प्रत्येक घासाला ते जावयाच्या कपाळाकडे बघत. कपाळ सपाट असलं तर पुढचा घास. आठी दिसली तर हात थांबे. मग ती आठी फोनवरच्या बातमीमुळे का पडलेली असेना.

महिना संपत आला होता आणि हे एका शब्दाने काही बोलत नव्हते. तेवढ्यात ह्यांना बढती मिळाली. ह्यांची कंपनी एका जपानी कंपनीबरोबर काम करते. त्या निमित्ताने हे आठवडाभर तिकडे जाऊन आले होते आणि तेव्हापासून ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते. साहेबांना जेवायला न्यायचं ठरलं, तेही जपानी हॉटेलातच. साहेब म्हणाले, सगळ्या कुटुंबाला घेऊन या. ह्यांनी बाबांकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नेऊ या. पण तिथे जरा सांभाळून." मला तेव्हाच कळलं, त्याच दिवशी निकाल लागणार.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. दारावर कापडाच्या पट्ट्या लोंबत होत्या, वाकून आत जावं लागत होतं. आत फिकट लाकडाची टेबलं, आणि काचेपलीकडे भली मोठी पातेली उकळत होती. आचारी लांब दांड्याच्या गाळणीत नूडल्स घेऊन असा झटका द्यायचा की पाण्याचा थेंब उरायचा नाही. बाबांना ते फार आवडलं. हाताला वळण असलेला माणूस दिसला की ते बघत राहतात. टेबलाशी बसताच त्यांनी सवयीने यंत्र काढून खिशात ठेवलं.

आधी सुशी आली. हे साहेबांना समजावत होते, हिरवा गोळा जरासाच घ्यायचा, आलं मध्ये मध्ये खायचं, चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचायच्या नाहीत. साहेब दहा वर्षं जपानच्या वाऱ्या करत होते, तरी बिचारे ऐकून घेत होते. बाबांना सुशीही पसंत पडली. भाताचा एक गोळा, एक घास, तोंड बंद. माझ्याकडे वळून म्हणाले, "फार समजूतदार लोक दिसतात. आवाज होऊच नये असं करतात सगळं." मी हसले. त्या दिवसातलं माझं तेवढंच हसू.

मग मोठे वाडगे आले. ह्यांनी आणि साहेबांनी लाल तिखट तेलाचा तवंग असलेलं रामेन मागवलं होतं. बाबांसाठी मी उडोन घेतलं होतं, पेन्सिलीएवढ्या जाड, पांढऱ्याशुभ्र, मऊ नूडल्स, वर पातीचा कांदा आणि अर्धं अंडं, खाली नितळ रस्सा. वाफ बाबांच्या चेहऱ्यावर आली. त्यांनी डोळे मिटले. महिनाभर त्या माणसाने गरम म्हणून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी एक लांबलचक नूडल उचलली आणि मारला भुरका. पूर्ण. जुना, जिन्यापर्यंत जाणारा, आईला मीठ सांगणारा.

"वा!" साहेब म्हणाले. "याला म्हणतात खाणं."

तेव्हाच ह्यांनी ते ज्ञान पाजळलं. "हो ना सर, आवाज करूनच खायचं असतं. नाहीतर आचाऱ्याला वाटतं, आवडलं नाही." आणि स्वतःही मान खाली घालून जोरदार भुरका मारला. रामेन उकळतं होतं, तेल जहाल तिखट होतं. ह्यांच्या भुवया एकत्र आल्या आणि मधोमध खोल, उभी आठी पडली.

बाबांनी डोळे उघडले ते नेमके तेव्हा.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. तोंडातली नूडल त्यांनी अर्धवट चावून कशीबशी गिळली, ओठ पुसले आणि चमच्याने वाडग्यात नूडल्सचे तुकडे करायला लागले. बारीक, अजून बारीक. ह्यांनी दुसरा भुरका मारला, पुन्हा आठी. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

साहेबांनी विचारलं, "हे का खात नाहीत? आवडलं नाही का?"

ह्यांना आता साहेबांसमोर सासऱ्यांचं कौतुक दाखवायचं होतं. हे टेबलावर पुढे वाकून ओरडले, "बाबा, खा ना! करा आवाज! इथे चालतं!" बाबांना शब्द कळले नाहीत. हॉटेलचा अंधुक उजेड, ह्यांच्या भरल्या तोंडापुढे धरलेला रुमाल. त्यांना दिसलं एवढंच की जावई ओरडतोय आणि कपाळाला आठ्या आहेत. ते लालबुंद झाले. हात जोडून म्हणाले, "चुकलं, जावईबापू. पुन्हा नाही होणार."

सगळे हसले. साहेब हसले, साहेबांबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी हसल्या, "किती गोड आहेत हो!" म्हणाल्या. आणि हे सगळ्यात जास्त हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बाबांच्या खिशात हात घालून यंत्र काढलं. ऐकू दे त्यांना, म्हटलं, कोण कोण इथे पंप लावून बसलंय. ह्यांनी माझं मनगट धरलं, "राहू दे, शिट्टी वाजेल, साहेब आहेत." मी हात झटकला आणि यंत्र बाबांच्या कानात बसवलं. आणि ते मेलं खरोखरच वाजलं. लांब, कर्कश, थांबेचना. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. बाबांनी इतके चेहरे एकदम आपल्याकडे वळलेले पाहिले आणि घाईघाईने यंत्र ओढून खिशात टाकलं, वर खिशाचं बटण लावलं.

मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "बाबा, इथे सगळेच आवाज करतात. हेसुद्धा. तुम्हीपण करा."

"मला समजावू नकोस गं," ते हळूच म्हणाले. "मला दिसतंय."

उडोन तसंच राहिलं. वाढणारी मुलगी ते उचलायला आली तेव्हा तिने काचेपलीकडे आचाऱ्याकडे पाहिलं, आणि आचाऱ्याने वाडग्याकडे.

गाडीत हे खुशीत होते. "साहेब खूश झाले. आणि बाबांनी खरंच सुधारणा केली हं. एवढे शांत जेवतात आता. राहू देत आपल्याकडे, मी त्या संस्थेला नाही म्हणून कळवतो." महिनाभर मी ज्या एका वाक्याची वाट बघत होते ते हेच. ते ऐकून मला ह्यांचं तोंड बघवेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर बाबांना सांगायला गेले तर ते पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. बॅग उघडी होती. मी यंत्र त्यांच्या कानात नीट बसवलं, समोर बसले आणि सगळं उलगडून सांगितलं. ते रागावले नव्हते, बाबा. तिखट लागलं होतं. तुम्ही इथेच राहायचं, ते हो म्हणालेत.

बाबांनी शांतपणे ऐकलं. "असेल," म्हणाले. "पण मला कसं कळणार गं? रागाची आठी आणि तिखटाची आठी, दिसायला एकच." मग शर्टाची घडी बॅगेत ठेवून म्हणाले, "प्रत्येक घासाला ते बघत बसायचं. पोट भरत नाही, ठमे. तिकडे सगळेच म्हातारे, सगळेच बहिरे. तिकडे मी जेवेन."

मी भांडले, रडले, ह्यांना वाटेल ते बोलले. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपण काय केलं. त्यांच्या मते त्यांनी तर परवानगी दिली होती. बाबा संस्थेत राहायला गेले.

पुढच्या महिन्यात मी त्याच हॉटेलातून उडोन बांधून घेतलं, नूडल्स वेगळ्या, रस्सा वेगळा, आणि संस्थेत गेले. तिथल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुमचे वडील फार शिस्तीचे. सगळ्यांचं आटोपलं की मग एकटेच येऊन जेवतात."  त्यांच्या स्वयंपाकघरात रस्सा चांगला उकळून घेतला, दोन वाडगे भरले आणि बाबांच्या खोलीचं दार आतून लावलं.

"आता इथे कोणी नाही, बाबा. फक्त मी आहे. मारा भुरका."

त्यांनी मान डोलावली, यंत्र काढून खिशात ठेवलं आणि चमचा हातात घेतला. पण वाडग्याकडे बघेनात. ते माझ्या कपाळाकडे बघत होते.

मी म्हटलं, आपणच आधी करून दाखवावं. भली मोठी नूडल उचलली आणि लाजलज्जा सोडून असा भुरका मारला की बाहेर व्हरांड्यात कोणीतरी थबकलं. रस्सा उकळता होता. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं.

बाबांनी चमचा खाली ठेवला.

"चुकलं गं," ते म्हणाले. त्यांनी अजून एक घासही घेतला नव्हता.