ओल्या प्लास्टरवरची तारीख

"साहेब, काच तुटलीय," यदुल्लाने फोन कानाशी घट्ट धरून सांगितलं. "चार नंबरची. जिन्याखालची."

पलीकडून मोटारींचे हॉर्न आणि पोराबाळांचा कलकलाट ऐकू येत होता. इंजिनिअर सोतुदे कुटुंब घेऊन डोंगराकडे निघाले होते. आज फरवर्दिनची तेरा तारीख, नवरोजच्या सणाचा शेवटचा दिवस. आज जो घरात बसेल त्याच्या घरात वर्षभर अवदसा बसते, हे इस्फहानमध्ये इंजिनिअरही मानतात आणि राखणदारही.

"तुटली तर दुसरी लाव की."

"लावतो. पण वरचा सज्जा आज बंद ठेवू का?"

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस आहे. बंद ठेवलास की उद्या वरून दहा प्रश्न येतील. नवी काच लाव आणि तारीख जुनीच टाक, सहा महिन्यांपूर्वीची, मेहेरची पाच. मागे दोनदा टाकलीस ना? झाकली मूठ राहू दे. परवा येऊन बघतो मी." फोन बंद झाला.

नारवन महालात अशा सात काचा होत्या. भिंतीला तडा गेला की त्याच्यावर काचेची बोटभर रुंद पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यात बसवायची आणि प्लास्टर ओलं असतानाच खिळ्याने तारीख कोरायची. भिंत हलली नाही तर काच अखंड राहते. केसभर जरी हलली तरी काच तुटते. मिस्त्री लोक तिला साक्षीदार म्हणतात. एकोणतीस वर्षं रोज सकाळी बॅटरी घेऊन या सात साक्षीदारांना भेटायचं, हे यदुल्लाचं काम. बाकी मग दिवसभर लोकांना "भिंतीला हात लावू नका" म्हणून ओरडायचं.

पहिल्या वीस वर्षांत एकच काच तुटली होती, तीही एका मांजरीने पाडली म्हणून. मग नदी आटली. शहराभोवती विहिरींवर विहिरी खोदल्या गेल्या, आणि खालचं पाणी उपसलं गेलं तशी जमीन बसू लागली. जिन्याच्या तोंडाशी असलेला अक्रोडी लाकडाचा दरवाजा तीनदा रंधून घ्यावा लागला होता. दरवाजा तोच होता, चौकट वाकडी होत चालली होती. हे यदुल्लाला कळत होतं. तो अडाणी असला तरी आंधळा नव्हता.

पण पेन्शनला पाच महिने उरले होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षी माणूस कसा वागतो ते नोकरी केलेल्या कोणालाही विचारावं. यदुल्लाने प्लास्टर कालवलं, काच बसवली, खिळा उचलला आणि कोरलं, मेहेर, पाच. खाली फरशीवर विटेचा लाल भुगा सांडला होता. काल संध्याकाळी तो नव्हता. त्याने तो कुंच्याने गोळा करून खिशात टाकला आणि फाटक उघडायला गेला.

दहा वाजेपर्यंत बागेत पाय ठेवायला जागा उरली नाही. नारवनाच्या झाडांना कोवळी पालवी आली होती, ट्यूलिपचे वाफे लालभडक झाले होते, आणि जिथे गवत दिसेल तिथे लोकांनी गालिचे अंथरले होते. चहाचे समोवार उकळत होते. पुदिन्याच्या आंबटगोड पाकात बुडवून सॅलडची पानं खाल्ली जात होती. लग्नाच्या मुली लाजत मनातल्या नवसासाठी गवताच्या पात्यांना गाठी मारत होत्या, आणि लग्न झालेल्या त्यांना "एवढी घट्ट नको गं मारू, पुढे सोडवता येत नाही!" म्हणून चिडवत होत्या. सगळं दरवर्षीसारखंच होतं. यदुल्लाच्या मनात मात्र चार नंबरची काच होती.

वर सज्ज्यावर पन्नास-साठ माणसं तरी होती. तिथून नदी दिसते, म्हणून सगळ्यांना तिथेच जायचं असतं. आता नदी म्हणजे नुसती वाळू. आजच्या दिवशी ताटलीतले गव्हाचे अंकुर वाहत्या पाण्यात सोडायचे असतात, आणि पाणी नसलं तरी रिवाज राहतोच. लोक पुलावरून ते कोरड्या पात्रात फेकत होते. वाळूवर हिरवे पुंजके पडलेले वरून स्पष्ट दिसायचे. लोक ते बघायचे आणि मग फोटो काढायचे.

"जपून जा, पायऱ्या उंच आहेत," यदुल्ला एकेकाला सांगत होता. त्यांतच यज्दहून आलेलं एक कुटुंब होतं. लेक, जावई आणि सातेक वर्षांच्या जुळ्या नाती वर गेल्या. म्हातारी आजी गुडघे धरून जिन्याजवळच्या बाकावर टेकली.

"तुम्ही नाही जाणार, आई?" यदुल्लाने विचारलं.

"मला वर न्यायचं ते आता देवच नेईल. तोवर इथेच बरी आहे मी." ती हसली. तिच्या तोंडात दोनच दात होते आणि दोन्ही हसत होते.

तेवढ्यात यदुल्लाची लेक फरझाने आली. एका हातात आश म्हणतात त्या दाट सुपाचा डबा, दुसऱ्या हाताला सहा वर्षांची हेलिया.

"बाबा, हे गरम आहे तोवर खाऊन घ्या. आणि हिला जरा वर घेऊन जाते. सकाळपासून डोकं खाल्लंय माझं, नदी बघायचीय म्हणून."

"नको," यदुल्ला म्हणाला.

"का?"

"वर कबुतरांनी घाण केलीय."

"मग एवढी माणसं काय कबुतरं मोजायला गेलीत?"

"नको म्हटलं ना!" त्याचा आवाज एवढा चढला की हेलिया आईमागे लपली. एकोणतीस वर्षांत या जिन्यापाशी तो असा कधी ओरडला नव्हता. फरझाने त्याच्याकडे बघतच राहिली. मग डबा जिन्याजवळ ठेवून पोरीला घेऊन झाडाखाली गेली.

यदुल्ला वळला, तर यज्दची आजी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"नात तुझी?"

"हो."

"तिला का नाही सोडलंस?"

"गर्दी आहे ना, आई. लहान पोर."

"माझ्या दोघीही लहानच आहेत. त्यांना तर म्हणालास, जपून जा." ती बाकाच्या काठाला धरून उठली, दोन पावलं टाकली आणि तोल सावरायला तिने भिंतीला हात लावला. नेमका चार नंबरपाशी. हात काढला तेव्हा बोटं पांढरी झाली होती. तिने ती एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली.

"माझा नवरा चाळीस वर्षं प्लास्टर करायचा," ती शांतपणे म्हणाली. "त्याचे कपडे मीच धुतले. हे आजचं आहे, बाबा. गार आहे अजून. आणि वर कोरलंय मेहेरची पाच. शरद ऋतूत लावलेलं प्लास्टर वसंतात ओलं कसं?"

यदुल्लाने वर सज्ज्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"ओरडू नकोस हो," ती म्हणाली. "ओरडलास तर सगळे एकदम धावतील, जिन्यातच चिरडतील. पण माझ्या पोरींना खाली आण. तुझ्या नातीला जे लागू, ते त्यांना लागू नाही का?"

तो वर गेला. किती वर्षांनी त्याला पायऱ्या मोजाव्याशा वाटल्या. सदतीस होत्या. वर उन्हात माणसं रेलून उभी होती, कोणी गाणं म्हणत होतं. यदुल्लाने आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"मंडळी, सज्जा आता बंद होतोय. पाच-पाच जणांनी खाली चला. लहान मुलं आधी. घाई करू नका."

"अहो काका, आत्ता तर आलो!"

"फाटकावर एक सांगता, इथे एक?"

"तेराव्या दिवसाचा अपशकुन म्हणतात तो हाच म्हातारा बघा," एक तरुण म्हणाला आणि सगळे हसले.

"तोच समजा," यदुल्ला म्हणाला. "पण खाली चला."

अर्धा तास लागला. पाच गेले की तो कान देऊन ऐकायचा, मग पुढचे पाच सोडायचा. जुळ्या पोरी आधी उतरल्या. शिव्या देत सगळ्यात शेवटी तो तरुण उतरला. यदुल्ला एकटाच वर राहिला तेव्हा पायाखाली कुठेतरी बारीक किरकिर झाली. त्याने श्वास रोखला. पुन्हा काही ऐकू आलं नाही. तो भिंतीला न टेकता उतरला.

खाली तिकीट खिडकीवरचा हुशंग धावत आला होता. "अरे, काय केलंस हे! साहेबांना फोन गेलासुद्धा. पाच महिने राहिले होते तुझे! हात दाखवून अवलक्षण?"

"आधी दरवाजा ओढ."

दोघांनी मिळून दरवाजा ओढला. सकाळी तो हलक्या हाताने लागत होता, यदुल्लाने स्वतः लावून पाहिला होता. आता चार बोटं अलीकडेच अडला. हुशंगने खांदा लावला, लाथ घातली. दरवाजा जागचा हलला नाही. हुशंगच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. त्याने एकदा वर बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला.

यदुल्लाने कोपऱ्यातली बादली ओढली. प्लास्टर कालवलं, आणि त्याच तड्यावर, सकाळच्या काचेच्या वीतभर वर, दुसरी काच बसवली. खिळ्याने कोरलं, फरवर्दिन, तेरा. त्याखाली कोणी कधी कोरत नाही ते कोरलं, यदुल्ला.

"निदान ती खालची तरी काढून टाक," हुशंग कुजबुजला. "तीच तुला बुडवेल. सगळे अक्षर ओळखतात तुझं."

"राहू दे. तीही माझ्याच हातची आहे."

यज्दची मंडळी निघाली होती. म्हातारीने आभार मानले नाहीत, आणि ते बरंच झालं. जाताना तिने फक्त पांढरी बोटं रुमालाला पुसली. एक जुळी मागे वळून त्याला हात हलवत होती.

खिशात फोन वाजू लागला. यदुल्लाने प्लास्टरच्या हातानेच तो काढला.

"हो साहेब," तो म्हणाला. "लावली काच. तारीखही टाकलीय. आजची."

पलीकडचं बोलणं त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन खिशात ठेवला. खिशात विटेचा भुगा होता, तो बोटांना लागला. हुशंगने आणून दिलेली खुर्ची त्याने न लागणाऱ्या दरवाज्यासमोर आडवी ठेवली आणि बागेकडे तोंड करून बसला. फरझानेने ठेवलेल्या डब्यातलं सूप गार झालं होतं. हेलिया भीत भीत जवळ आली, गवताची दोन पाती त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, मला गाठ येत नाही." त्याने पांढऱ्या, कडक होत चाललेल्या बोटांनी गाठ मारायचा प्रयत्न केला. दोनदा सुटली.