साडेपाचची गोळी

औषधाच्या बाबतीत मी खडूस आहे, हे आधीच सांगून टाकते. मुलुंड पूर्वेच्या बऱ्याच घरांत माझी ओळख तीच. ‘जयंती सिस्टर आली, आता सुटका नाही.’ पेशंटने गोळी गिळल्याशिवाय मी जागची हलत नाही. ‘नंतर घेतो’ म्हणणाऱ्यांच्या गोळ्या उशीखाली सापडतात, हा माझा अठरा वर्षांचा अनुभव आहे.

विद्याधर कर्णिक काकांकडे मी रोज सकाळी नऊला जायचे. वय एकोणऐंशी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी ऋता टोरोंटोला. मार्चमध्ये हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांची हृदयाची गोळी संध्याकाळऐवजी सकाळी केली, कारण ती देण्याआधी नाडी मोजावी लागते आणि मोजायला मी सकाळीच असायचे. पूर्ण एक मिनिट मोजायची. साठच्या खाली गेली तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. मार्चनंतर सगळं सुरळीत चाललं होतं.

मेमध्ये काकांचं जेवण तुटलं. आधी भात नकोसा झाला, मग चहाही. सारखी मळमळ. एके सकाळी मला म्हणाले, “सिस्टर, ही भिंत कोणी पिवळी केली गं?”

भिंत पांढरीच होती. नाडी मोजली तर बावन्न. ही गोळी अंगात जास्त झाली की असंच होतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण जास्त होणार कुठून? माझा तक्ता चोख. वेळ, नाडी, सही, उरलेल्या गोळ्या, सगळं जुळत होतं. स्वयंपाकाच्या सुंदराबाईंवरसुद्धा मी संशय घेऊन बसले. त्या बिचाऱ्या औषधाच्या कपाटाला हातही लावत नाहीत.

मी गोळी दिली नाही. डॉक्टरांनी ईसीजी आणि रक्ताची तपासणी सांगितली, आणि संध्याकाळी पुन्हा नाडी बघून फोन करायला सांगितला. म्हणून मी त्या घरी पहिल्यांदाच संध्याकाळी, साडेपाचच्या सुमारास गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून डायनिंग टेबलाशी बसले होते. समोर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला, पडद्यावर ऋता. ऑफिसला निघायच्या गडबडीत, एका कानात डूल, दुसरा हातात.

“बाबा, गोळी घेतली?”

“घेतो ना. ही बघ.”

“माझ्यासमोर घ्या. हं, आता पाणी.”

काकांनी खिशातून एक जुनी स्ट्रिप काढली. हॉस्पिटलात जायच्या आधीची! गोळी ओठांपर्यंत पोचली होती, तेवढ्यात मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. गोळी टेबलाखाली घरंगळली.

“कोण आहे? बाबा? काय झालं?” ऋता ओरडली. काकांनी फोन पालथा घातला आणि बंद केला.

“काका, किती दिवस चाललंय हे?”

“महिना झाला असेल.” नजर वर उचलेनात. “आधी रिकामाच हात तोंडाला लावायचो. मग ती म्हणाली, जीभ वर करून दाखवा. तुझ्यासारखीच आहे ती, खडूस.”

“अहो, पण सकाळी मी देते, हे तिला सांगायचं ना!”

“सांगितलं तर मग ती फोन कशाला करेल?” काका म्हणाले. “गोळीचं विचारायला करते गं ती. दोन मिनिटं असते, पण रोज असते. तू नको ना सांगू तिला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जीव जाईल, आहे का अक्कल, असं मी खरंच बोलले. ऐंशीला टेकलेल्या माणसाशी असं बोलायचं नसतं. पण चूक माझीही होती. वेळ बदलली हे मी तक्त्यावर लिहिलं, मुलीला मात्र कोणी सांगितलंय का, हे विचारलं नाही. जुन्या स्ट्रिपा शोधल्या नाहीत. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी काकांना ॲडमिट केलं. मी ऋताला फोन करून सगळं सांगितलं. सांगणं भागच होतं. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे मी रोज माझ्या हाताने...”

चार दिवसांनी काका घरी आले. नाडी अडुसष्ट. ती गोळी कायमची बंद झाली, दुसरी सकाळीच सुरू केली. आता मी संध्याकाळीही जाऊ लागले.

साडेपाचला इस्त्रीचा शर्ट. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. पावणेसहा. सहा. ऋता सकाळी मला मेसेज करून चौकशी करायची, पण त्यांना फोन नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. काका म्हणाले, “असू दे, कामात असेल,” आणि शर्ट बदलायला आत गेले. मला ते बघवेना. मी गॅलरीत जाऊन ऋताला फोन लावला.

“अगं, वडील वाट बघतायत तुझी. एक फोन करता येत नाही?”

ती म्हणाली, “सिस्टर, गोळी होती तेव्हा बरं होतं. आता काय म्हणून फोन करू? कसे आहात विचारलं की ‘मजेत’ म्हणतात आणि संपलं. मला इथे करमत नाही, हे असं कसं सांगू? मी रोज साडेपाचची वाट बघायचे हो.”

दोघांच्याही एकेक कानाखाली वाजवावी, असं मला वाटलं. मग कणकवलीची माझी आई आठवली. तिला फोन लावला की मी तोंड उघडते ते ‘बीपीची गोळी घेतलीस का’ म्हणूनच.

फोन चालूच ठेवून मी आत गेले. काका शर्टाची बटणं काढत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

“ऋता आहे.”

“काय काम काढलंय?”

“काम काही नाही. तिला तिकडे करमत नाही, म्हणून.”

काकांनी दोन्ही हातांनी फोन धरून कानाला लावला.

“मलाही नाही गं करमत,” ते म्हणाले.