आठ नंबरची गाडी

सावर्ड्याच्या अलीकडे हायवेवर पुलाचं काम निघालं, एकेरी वाहतुकीसाठी तात्पुरता सिग्नल बसला आणि आम्हा पाच-सहाजणींचा धंदा उभा राहिला. लाल दिवा चार मिनिटांचा. तेवढ्यात करवंदांचे द्रोण घेऊन काचांवर टकटक करायची. विकले तर विकले. ह्या धंद्याचा पहिला नियम मी घालून दिला, आणि त्याची मला भारी ऐट होती.

नियम असा की आधी नंबरप्लेट बघायची. मुंबई-ठाण्याची गाडी असेल तर धावायचं. एमएच शून्य आठ, म्हणजे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याची असेल, तर तोंड फिरवून पुढची गाठायची. आठ नंबरवाल्याच्या घरामागे सड्यावर, कातळाच्या माळावर, करवंदांच्या जाळ्याच जाळ्या, तो कशाला विकत घेतोय? वर 'आमच्याकडे फुकट मिळतात' म्हणून ऐकवणार, आणि तोवर दिवा हिरवा. "आठ हाय गो, सोड!" असं मी ओरडले की बकुळा गर्रकन वळायची.

बकुळा काही विकायला येत नव्हती, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. द्रोण गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि नजर मागच्या सीटवर. तिची एकुलती एक रुचिरा सात वर्षांपूर्वी परजातीतल्या विनीतशी लग्न करून मुंबईला गेली. तेव्हा बकुळाच रागाच्या भरात बोलून बसली, "माज्या दारात परत पाय ठेवू नको." पोरीनं खरंच ठेवला नाही. फोनचा नंबरही बदलला. मुंबईची माणसं कधी ना कधी ह्याच रस्त्यानं येणार आणि इथं थांबणार, एवढ्या आशेवर ही बाई दोन उन्हाळे इथं उभी. "करवंदं विकतेस का जनगणना करतेस गो?" मी चिडवायचे. ती हसायची आणि पुढच्या काचेला नाक लावायची. माझा जीव तुटायचा, पण मी पडले फटकळ. मायेचं बोलायला गेले की माझ्या तोंडून शिवीच निघते.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुलावरचा मुकादम सांगून गेला, उद्यापासून पूल चालू, सिग्नल काढणार. बाकीच्या धंदा गेला म्हणून कुरकुरत बसल्या. बकुळानं भाकरी सोडलीसुद्धा नाही.

"गंगे, उद्यापास्नं गाड्या वरनं जातील," ती म्हणाली. "मी कुठं बगू तिला?"

"जिवंत असली तर येईल घरी," मी म्हटलं. बोलून गेले आणि जीभ चावली.

संध्याकाळी चिपळूणकडून गाड्यांची रांग लागली. बकुळा पार पुढे, पहिल्या गाड्यांशी. माझ्याकडे सहा द्रोण उरलेले, आणि समोर एक पांढरी गाडी, आठ नंबरची. म्हटलं, उद्या सिग्नलच नाही तर नियम कसला? गेले आणि काचेवर टकटक केली.

काच खाली झाली. आत रुचिरा.

मी तिला फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून बघितलेली. आता कपाळाशी एकदोन केस पिकलेले, मागच्या सीटवर चारेक वर्षांची पोर. गाडी चालवत होता तो विनीत असणार.

"गंगूकाकी," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "आमची रत्नागिरीला बदली झाली, दोन वर्षं झाली. गाडी तिथंच घेतली. सासूबाई चिपळूणला अंथरुणाला खिळल्यात. दर रविवारी ह्याच रस्त्यानं जातो. करवंदांच्या दिवसांत दर रविवारी आये दिसते. गाडीपर्यंत येते, नंबर बघते आणि तोंड फिरवते. पहिल्यांदा काच खाली करणार होते, काकी. मग म्हटलं, हिनं गाडी ओळखलीय. अजून राग गेला नाय हिचा."

माझ्या हातातले द्रोण कलंडले. दोन उन्हाळ्यांचे रविवार. आणि त्यातल्या कितीक रविवारी 'सोड गो' म्हणून ओरडणारी मीच.

"अगो येडे," मी म्हटलं, "ती तुला नाय, आठ नंबरला तोंड फिरवते. आमचा नियम हाय तो. माजा. आठ नंबरवाले करवंदं घेत नाय म्हणून."

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न. तिथं बाजूला घ्यायला वीतभर जागा नव्हती, दोन्हीकडे पत्रे. मी टोपली रस्त्यावर आपटली आणि गाडीच्या समोर फतकल मारून बसले. मागचा ट्रकवाला माझ्या आईबापाचा उद्धार करायला लागला, त्याला मी सव्याज परत केलं. आणि बोंब ठोकली, "बकुळेऽऽ!"

बकुळा धावत आली. "उठ गो, मरायचंय काय?" असं म्हणत माझा दंड ओढायला लागली. गाडीकडे तिनं बघितलंही नाही, आठच नंबर होता ना. रुचिरा दार उघडून खाली उतरली तेव्हा कुठं बकुळाची मान वर झाली.

बकुळानं हात पुढे केला, बोटं करवंदाच्या चिकानं काळी झालेली, म्हणून परत मागे घेतला. रुचिरानं तो धरला आणि आपल्या गालाला लावला.

"आई, गाडीत बसा," विनीत आतून म्हणाला. "घरी सोडतो तुम्हाला. आम्हीही येतो."

बकुळा बसली. नातीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि मग तिच्या मनात यायचं तेच आलं.

"तू ह्या वाटेनं किती वेळा गेलीस गो?"

रुचिरानं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्यावरची करवंदं गोळा करायला लागले.

"आज पहिल्यांदाच, आये."

"तरीच," बकुळा म्हणाली आणि सुखानं मागे टेकली. "नायतर माज्या नजरंतनं तू सुटली नसतीस. काय गो गंगे?"

"व्हय," मी म्हटलं. मग उठले आणि गाडीला वाट करून दिली.