देवीची खिडकी

२०११ साली चिंचणीच्या नव्या मासळी बाजारात बारा ओटे बांधले आणि त्यांचे अर्ज फक्त महिला मंडळाच्या वेबसाइटवर घ्यायचे ठरले. पूर्वी जागेसाठी अर्ज लागत नसे. रत्नाबाईची आई काशीबाईच्या आईच्या डाव्या हाताला पाटी ठेवायची. पुढे या दोघीही तशाच बसल्या. पण आता वेबसाइट आली, म्हणजे प्रगती झाली.

ती बोईसरच्या दिपेशने केली. शाळेत त्याला भूमितीत मीच पास केलं होतं, माझीच चूक. ‘अर्ज भरा’ दाबलं की एक छोटी खिडकी उघडे, तिच्यात गावदेवीचा फोटो. खिडकी कुठे उभी राहणार ते त्याने स्क्रिप्टमध्ये लिहून टाकलं होतं: पडद्याच्या डाव्या कडेपासून सातशे ठिपके, म्हणजे पिक्सेल, वरून पाचशे. सरकवली तरी सेकंदात परत तिथेच. त्याच्या भल्यामोठ्या पडद्यावर ती रिकाम्या जागेत शोभे. मंडळाच्या जुन्या, लहान पडद्यावर ती नेमकी ‘पाठवा’ या बटणावर बसली.

काशीबाईचा अर्ज तिच्या मुलाने बोईसरहून भरला होता. रत्नाबाई शेवटच्या दिवशी दुपारी काशीबाईला सोबत घेऊन मंडळात आली. मंडळाचं कागदपत्र मी बघायचे. पाचला अर्ज बंद होणार होते. सव्वाचारला मी दिपेशला फोन लावला.

“बाई, माझ्याकडे बरोबर दिसतंय.”

“तुझ्याकडे कोण अर्ज भरतंय?”

“मग कोपऱ्यातली फुली दाबून बंद करा ना.”

फोन स्पीकरवर होता, रत्नाबाई ऐकत होती. “देवीवर फुली? मी नाय मारायची. ओट्यासाठी देवीला घालवू?”

“मग माझ्या बाजूला कोण बसेल?” काशीबाई म्हणाली. “ती कोंबडीवाली?”

दिपेश मोटारसायकलवरून आला तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. ऐटीत खुर्चीत बसला, बाण फुलीवर नेला.

“मार,” काशीबाई म्हणाली. “तुझी पण देवीच हाय ती.”

गड्याचा हात तिथेच थांबला. एवढा शिकलेला! मग हळूच विचारतो, “बाई, हा पडदा किती रुंद आहे?”

“हे आधी विचारायचं असतं.”

त्याने स्क्रिप्टमधले आकडे बदलून शून्य, शून्य केले. देवी उठली ती थेट वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिथे ठळक अक्षरांत त्याचं स्वतःचं नाव होतं. ते झाकलं गेलं. खालचं बटण मोकळं झालं. पाचला दोन मिनिटं असताना अर्ज गेला.

“भिंतीपासून मोजतोस कशाला रे?” रत्नाबाई म्हणाली. “शेजारी कोण बसलंय ते बघावं.”

रत्नाबाईला काशीबाईच्या डावीकडचाच ओटा मिळाला. गुडघे जाईपर्यंत ती तिथे बसली. आता सून दीपा बसते. काशीबाई चार वर्षांपूर्वी गेली, तिची जागा नातीने घेतली. दिपेश पुण्यात आहे, हाताखाली चाळीस माणसं. त्यांना तो काय विचारायला शिकवतो, देव जाणे. वेबसाइट केव्हाच बंद पडली. माझ्या फोनवर आता दिवसभर खिडक्या उघडतात, आणि मी सगळ्यांवर फुली मारते. देवाचा फोटो आला, तर तेवढा फोन पालथा ठेवते.