नावडतीनं सांगितलेली कहाणी

वामनरावांनी दारात चपला काढल्या, तेव्हा रत्नप्रभा जिवतीच्या कागदाला हळदकुंकू वाहत होती. बावीस वर्षांनी आला होता नवरा. हातात नारळ, अंगात कडक इस्त्रीचा सदरा आणि तोंडावर थाट असा, की जसं काही वाजत-गाजत आला आहे.

आणलं होतं शेजारच्या इंदुताईंनी. श्रावणातला शुक्रवार, गल्लीतल्या बायका कहाणीला जमलेल्या. एवढ्या जणींसमोर ही नाही म्हणायची नाही, असा त्यांचा अंदाज.

"रत्ना, घ्यायले आले तुले," इंदुताई कुजबुजल्या. "धाकटी बायको पोरीपाशी पुण्याले निघून गेली. घरी कोणी नाही त्याइच्या."

"गुडघ्याचं ऑपरेशन सांगतलं डॉक्टरनं," वामनराव शिलाई मशीनच्या स्टुलावर टेकत म्हणाले. "झालं गेलं सोड आता. सामान बांध. संध्याकाळची गाडी सांगतली आहे."

येतेस का, एवढंही नाही. सामान बांध. रत्नप्रभानं एकेकीच्या मुठीत तांदूळ ठेवले, वामनरावांच्याही.

"मले कायले?"

"राहू द्या," इंदुताई म्हणाल्या. "अन् कहाणी संपेपर्यंत उठाचं नाही. पाप लागते."

वामनराव पापाला फार भीत. दुसरी बायको केली, तीसुद्धा मुहूर्त पाहून. तांदूळ मुठीत आवळून बसले.

रत्नप्रभानं पोथी उघडलीच नाही.

"उमरखेडसारखं एक नगर होतं. तिथं एक राजा होता, सरकारी नोकरीत कायम झालेला. त्याले दोन राण्या. आवडतीले माडी, नावडतीले मागची टिनाची खोली. आवडतीले ताजं, नावडतीले उरलंसुरलं. मग नावडतीनं काय केलं?"

"वसा घेतला," बायका सवयीनं म्हणाल्या.

"कायचा वसा! इथं पुसदले आली अन् मशीन घेतली. सलोनी, तुह्या लग्नाचं ब्लाउज कोणं शिवलं?"

सलोनी पदरात हसली. वामनराव अर्धे उठले. "हे काय चालवलं..."

"बसा नं भाऊजी," सगळ्या ओरडल्या. "मुठीत तांदूळ आहेत!"

"राजा शिकारीले गेला नाही, लढाईले गेला नाही," रत्नप्रभा पुढं बोलत होती. "जलमभर खुर्चीवर बसून राह्यला, तरी गुडघे गेले त्याचे!" आणि तिनं आजीच्या चालीवर, गोड गळ्यानं ओवी उचलली:

"राजा आला दारी बाई, घेऊनिया नारळ-पान,
गुडघे थकले तवा कळे नावडतीचा मान."

हसू पार ओसरीपर्यंत गेलं. इंदुताई तेवढ्या चिडल्या. "पोथीत राणी पालखीत बसते, रत्ना."

"बसते. तिले कोणी विचारलंच नाही, तं काय करीन बिचारी? माह्या कहाणीत राजानं विचारल्याशिवाय शेवट होत नाही."

ती थांबली. बायका थांबल्या. वामनराव पाय इकडून तिकडे हलवत राहिले. घामानं सदऱ्याची इस्त्री मोडली. विचारण्याची सवय नव्हती त्यांना.

"येतेस?" शेवटी एकदाचे म्हणाले.

"नाही," रत्नप्रभा म्हणाली. "संपली कहाणी. उठा."

उठता येईना. दोघींनी दंडाला धरून उभं केलं. रत्नप्रभानं हात दिला नाही. प्रसादाचा द्रोण मात्र दिला, फुटाणे आणि गूळ, वाटेत खायला.