ल्युसेतची धून

ल्युसेत बाजारात बकरीच्या दुधाचं चीज विकायची आणि तिची जीभ सुरीपेक्षा धारदार होती. तिला पक्षाघात झाला आणि ती जीभ अडली. समजायचं सगळं, पण तोंडातून 'हो', 'नाही' आणि एक शिवी, एवढंच बाहेर पडायचं. नवरा फिर्मां माझ्या कॅफेत येऊन कॉफी समोर घेऊन नुसता बसून राहायचा. "रेजीन," तो मला एकदा म्हणाला, "चाळीस वर्षं म्हटलं, बाई जरा गप्प बस. आता बसलीय, तर घर खायला उठतं."

त्याच सुमारास अन्सेल्म कुर्ताद आमच्या गावात राहायला आला. चित्रपटांना संगीत देणारा तो मोठा माणूस. त्याच्या एका चित्रपटगीताची धून फ्रान्सभर शाळकरी पोरांपासून खाटकापर्यंत सगळे शिट्टीवर वाजवायचे. त्याला मात्र तिचा वीट आला होता. माझ्या रेडिओवर ती लागली की म्हणायचा, "रेजीन, बंद कर गं ते. दुसऱ्या साठ चित्रपटांना संगीत दिलं, त्यांचं कोणी नावही काढत नाही."

त्याच्या घराचं छप्पर गळायचं. ते फिर्मांनं शाकारून दिलं, म्हणून अन्सेल्म वाइनची बाटली घेऊन त्याच्या घरी गेला. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. ती धून लागली तसा तो बंद करायला उठला, आणि थांबला. खिडकीशी बसलेली ल्युसेत गात होती. शब्दांसकट. चित्रपटातल्या त्या गाण्याचा एकही शब्द तिनं गाळला नाही.

फिर्मांच्या हातातला पेला टेबलावर कलंडला. "अगं, तू बोलतेयस?"

ल्युसेतनं मान हलवली आणि बोलायला तोंड उघडलं. आली ती शिवीच.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी अन्सेल्मला समजावलं, की असं होतं. बोलणं जातं, पण कधीकधी गाणं राहतं. त्या दिवसापासून तो रोज दुपारी ल्युसेतकडे जाऊ लागला. त्यानं त्या धुनेतले जुने शब्द काढून टाकले आणि घरातले घातले. 'फिर्मां, दार लाव, गारठा येतो.' 'मला कॉफी दे, साखर नको.' तो ती ओळ तिच्यासोबत गायचा, टेबलावर बोटानं ठेका धरायचा, चुकलं की पुन्हा सुरुवात.

फिर्मांचा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. तरी अन्सेल्मनं त्यालाही बसवलं.

"मला नाही येत रे गाता," फिर्मां म्हणाला.

"तुझं गाणं ऐकायची हौस कोणाला आहे? ती विचारील, तेव्हा उत्तर दे म्हणजे झालं."

हळूहळू त्यांच्या खिडकीतून भांडणं ऐकू येऊ लागली, सुरात. बायका रस्त्यात थांबून ऐकायच्या. ल्युसेतनं गाऊन फिर्मांला 'गाढवा' म्हटलं, त्या दिवशी त्यानं माझ्या कॅफेत सगळ्यांना पाजली. अन्सेल्म कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता. म्हणाला, "माझ्या संगीतावर इतके चांगले शब्द कोणी लिहिले नव्हते." रेडिओ बंद कर असं तो मला पुन्हा कधी म्हणाला नाही.

दोन हिवाळ्यांनंतर तो झोपेतच गेला. पॅरिसहून दूरचित्रवाणीची माणसं आली. एक तरुण बाई फिर्मांच्या स्वयंपाकघरात बसून विचारू लागली, "एवढ्या थोर संगीतकाराचे तुम्ही शेजारी. त्यांच्याबद्दल काय सांगाल?"

फिर्मां टोपी चुरगाळत राहिला. तेव्हा ल्युसेतनं सूर लावला. 'फिर्मां, बाईंना खुर्ची दे, चांगली, पाय न हलणारी.'

त्या बाईनं धून ओळखली. हातातला प्रश्नांचा कागद तिनं खाली ठेवला. मग म्हणाली, "माझी आई मला झोपवताना हीच गुणगुणायची. हे चित्रित करू का आम्ही?"

ल्युसेतनं मानेनं नाही म्हटलं. फिर्मांला आता वाचा फुटली. "जगाला जे द्यायचं होतं, ते त्यानं दिलंय, बाई. हे आमच्यासाठी आहे. पण जेवून जा." आणि त्यांनी सगळ्यांना मसुराची आमटी अन् सॉसेज वाढलं.

उन्हाळ्यात ल्युसेत पुन्हा बाजारात बसली. भाव गाऊन सांगते. गिऱ्हाइकं रांगेत उभ्या उभ्या सूर मिसळतात, आणि कोणी घासाघीस केलीच तर तिच्याकडे त्यासाठीही ओळ आहे.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही तिघं शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत गेलो. फिर्मां पाणी आणायला गेला. ल्युसेत अन्सेल्मच्या थडग्याच्या दगडाशी वाकली आणि त्याला सगळं सांगू लागली: चीजचा भाव, माझ्या कॅफेचा नवा रंग, फिर्मांचा खोकला. धून त्याचीच होती, शब्द मात्र तिचे तिनं जुळवलेले. फिर्मां पाण्याची झारी घेऊन आला, टोपी काढली आणि तिचं सांगून होईपर्यंत मागे उभा राहिला.