कुठेही न गेलेला पासपोर्ट

मी एक जुना पासपोर्ट आहे. जुना म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हा सातासमुद्रापार जाऊन आलेला असणार, याच्या पानापानावर परदेशी शिक्के असणार. तसं काही नाही, मित्रांनो. मी विमानतळावरच्या एका खिडकीपर्यंत गेलो आणि तिथूनच घरी परतलो. तरीही मी फार थकलो आहे. नुसतं पडून राहण्याचाही शीण येतो, हे तुमच्या वयाला पटणार नाही.

माझा जन्म एका सरकारी छापखान्यातला. जन्माआधीच माझ्यावरून पुष्कळ भांडणं झाली. कव्हरचा रंग कोणता असावा, सोनेरी बोधचिन्ह केवढं असावं, आतल्या पानांवर पूल छापावेत की पक्षी, यावर मोठमोठ्या माणसांच्या बैठकांवर बैठका झाल्या. पक्षी ठरले, तर प्रत्येकाला आपापल्या भागातला पक्षी हवा. शेवटी ना तुझं ना माझं करून असा एक पक्षी निवडला, जो त्यांच्यापैकी कुणीच कधी पाहिला नव्हता. तो माझ्या मधल्या पानावर आहे आणि बिचारा जरा गोंधळलेला दिसतो.

मग एका चित्रकार बाईंनी माझ्या पानांवर केसाएवढ्या बारीक रेघांची नक्षी काढली. कागद उजेडासमोर धरला की दिसणारा छुपा चेहरा आला, सुईच्या टोकाएवढ्या भोकांनी टोचलेला क्रमांक आला. माझी सगळी पानं मधल्या घडीतून एका अखंड दोऱ्यानं शिवली. तो दोरा एरवी साधाच दिसतो, पण जांभळ्या दिव्याखाली धरला की तीन रंगांत चमकतो. बघणाऱ्यांना हे सगळं शोभेचं वाटतं. खरं तर मी सुंदर दिसावं म्हणून यातलं काहीच केलेलं नाही. माझी नक्कल होऊ नये, माझं पान कुणी बदलू नये, एवढ्यासाठीच केलं आहे. माझ्या अंगावरचा एकूण एक दागिना संशयापोटी घातलेला आहे. अशा जन्माला आलेल्यानं आनंदी तरी कसं राहायचं?

मी ज्यांच्या घरी आलो, त्या कपडे शिवायच्या. सगळा शेजार त्यांना शिवणबाई म्हणायचा, म्हणून मीही बाईच म्हणतो. त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, गल्लीचे काका. एकुलती एक मुलगी परदेशात नोकरीला, तिकडेच लग्न केलेली. जावई जहाजावर, म्हणजे घरी असला तर पाहुणा आणि नसला तर फोटो.

माझ्यातल्या फोटोत बाई रागावलेल्या दिसतात. तशा त्या नाहीत. फोटोवाल्यानं "हसू नका" म्हणून दटावलं होतं. हे ऐकून त्यांना आणखीच हसू आलं, आणि ते दाबण्याच्या नादात भिवया वर चढल्या. काका मला उघडून त्यांना चिडवायचे, "अगं, लग्नाच्या फोटोतसुद्धा तू इतकी गंभीर नव्हतीस. तेव्हा खरं तर असायला हवं होतं."

ते कौतुकाचे दिवस लवकर सरले. मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या खणात ठेवलं. जायचं यंदा, जायचं पुढच्या वर्षी, असं चाललं होतं. कधी काकांचे डोळे आले, कधी बाईंकडे लग्नाचे कपडे शिवायला आलेले. मला हलवायचं झालं की वैताग, सापडलो नाही की सगळ्या घराची उलथापालथ. असून अडचण, नसून खोळंबा, असं माझं जगणं होतं. बाहेर निघायचो ते फक्त झेरॉक्सच्या दुकानात. कुठलाही कागद करायचा म्हटला की माझी प्रत लागे. दुकानदार मला काचेवर उताणा पालथा करून वरून झाकण दाबायचा, आणि प्रत काळी आली की पुन्हा दाबायचा. माझी पाठ तिथेच गेली. मधला दोरा सैल पडला आणि गोंधळलेल्या पक्ष्याचं पान लोंबायला लागलं.

मग एके दिवशी मुलीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. बाळंतपणाच्या सुमारास जावई भर समुद्रात असणार होता. "आई, तू येशील ना?" एवढंच ती म्हणाली. बाई त्याच क्षणी मनानं तिकडे पोचल्या. व्हिसा झाला, तिकिटं झाली. माझ्या एका पानावर व्हिसाचा चकचकीत कागद चिकटला आणि मला वाटलं, चला, उशिरा का होईना, आपलंही नशीब उघडलं.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला पिशवीतून काढलं आणि ते लोंबणारं पान पाहिलं. मित्रांनो, सुटलेला दोरा दिसला की शिवणाऱ्याचे हात शिवशिवतात. त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाच-सहा दोऱ्यांची रिळं माझ्या पाठीला लावून पाहिली आणि रंग जुळवला. आता जुना दोरा ठेवून वरून दोन टाके मारले असते, तर कदाचित निभावलं असतं. पण अर्धा जुना, अर्धा नवा टाका टिकत नाही, ही त्यांच्या हाताची शिस्त. म्हणून त्यांनी माझा मूळचा दोरा सगळा उसवून काढला, नव्या दोऱ्याला मेण लावलं आणि जुन्याच भोकांतून मला शिवलं. गाठ आतल्या बाजूला घेतली. मला इतक्या प्रेमानं कुणी कधी हातात धरलं नव्हतं. आणि काय होणार हे मला कळत होतं, पण पासपोर्टाला बोलता येत नाही.

विमानतळावरच्या खिडकीत एक तरुण अधिकारी मुलगी होती. काकांचा पासपोर्ट तिनं पाहून पुढे सरकवला. मग मला जांभळ्या दिव्याखाली धरलं. माझा पक्षी उजळला, रेघा उजळल्या. मधला टाका मात्र काळाच राहिला. तिनं माझं पान न पान तपासलं.

"काकू, हे कुणी उसवलं?"

"उसवलं नाही हो, शिवलं. पान सुटत होतं."

"कुणी शिवलं?"

"मीच. बाहेर कशाला द्यायचं? शर्टाची कॉलर उलटवून देते मी, कुणाला कळतसुद्धा नाही."

"इथं कळतं, काकू," ती हळूच म्हणाली.

"पानं सगळी आहेत. बघा ना."

"आहेत. पण त्यातलं एखादं बदललेलं नाही, हे मी कशावरून धरू?"

"मी सांगतेय ना," बाई म्हणाल्या.

त्या मुलीनं मान खाली घातली. बाईंचा शब्द पुरला असता, तर मला जन्माला घालायची गरजच नव्हती.

काका पुढे झाले. "मॅडम, मुलगी बाळंत व्हायची आहे. एकटी आहे तिकडे."

"काका, मी आज सोडलं तरी तिथं उतरल्यावर यांना परत पाठवतील. तुम्ही आत गेलेले असाल, यांना एकटीलाच परतावं लागेल. तुमचं सगळं बरोबर आहे, तुम्ही जाऊ शकता."

"मी जाऊन काय दिवे लावणार? मला लंगोट बांधता येत नाही."

बाईंनी हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली. तीत झबली, टोपडी, दुपटी होती, सगळी घरी शिवलेली. "शिकाल," त्या म्हणाल्या. "ती एकटी नको. जा तुम्ही." काका जाताना सारखे मागे वळून बघत होते. माझ्या बाई मात्र ताठ उभ्या होत्या. रडल्या त्या घरी येऊन, दाराला कडी लावल्यावर.

पुढे मी पासपोर्टच्या कचेरीत गेलो. तिथे माझा एक कोपरा कापला, पानावर 'रद्द' असा शिक्का मारला आणि मला परत दिलं. माझ्या अंगावरचा एकमेव शिक्का तोच. व्हिसाही माझ्याबरोबर गेला, तो नव्यानं मागावा लागला. बाळ त्यासाठी थोडंच थांबणार? "मुलगी झाली," असा काकांचा फोन आला, तेव्हा बाई स्वयंपाकघरात एकट्याच होत्या. त्यांनी सगळं नीट विचारलं, वजन विचारलं, रंग विचारला, आणि फोन ठेवून तिथेच जमिनीवर बसल्या.

त्यानंतर शिवणाचं मशीन झाकलं गेलं. कुणी कपडा घेऊन आलं तर "आता हात चालत नाही" म्हणून परत पाठवायच्या. नवा पासपोर्ट आला, तो त्यांनी पाकिटातून काढलासुद्धा नाही. व्हिसाच्या खिडकीतही पाकीटच पुढे केलं, आत हात घालायची त्यांना भीती वाटत होती. तो व्हिसा घेऊन परत आला आणि पुन्हा पाकिटातच राहिला. तिकीट काढायचं नाव नाही. मुलगी विचारायची आणि बाई म्हणायच्या, "बघू. आता बाबा आहेत ना तिथं. मी येऊन आणखी काही बिघडवायची." हे ऐकताना माझा जीव तुटायचा. आपल्यामुळे एका माणसाचा आपल्या हातांवरचा विश्वास उडाला, यापेक्षा रद्दीत गेलो असतो तर बरं होतं.

एका दुपारी पुन्हा मुलीचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"आई, टोपड्याचा बंद सुटलाय."

"बाबांना सांग दोन टाके घालायला."

"त्यांनी गाठ मारलीय. आता टोपडं निघतही नाही आणि बसतही नाही."

"मग तिथं दुकानात दे."

"नाही देणार. तसंच ठेवलंय. तूच येऊन शिव."

बाईंनी झाकलेल्या मशीनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ती गाठ कापू नकोस हं. कापड ओढलं जातं. मी आल्यावर सोडवते." फोन ठेवला आणि त्यांनी पाकीट उघडून नवा पासपोर्ट बाहेर काढला. बोट फिरवून त्याची शिवण पाहिली, पण तिला काही केलं नाही. सुया-दोऱ्यांचा डबा मात्र मोठ्या बॅगेत आधी भरला.

बाई तिकडे गेल्या आहेत. मी इथे खणात आहे आणि आता मला कुणी बाहेर काढणार नाही. मित्रांनो, आम्हा पासपोर्टांना ओलाव्यापासून जपा, काचेवर दाबून आमची पाठ मोडू नका, आणि दोरा सुटला तर स्वतः न शिवता कचेरीत न्या. हे सांगणं माझं कामच आहे. पण तुमच्या घरात कुणी मायेपोटी काही बिघडवून बसलं असेल, आणि त्या दिवसापासून हात बांधून गप्प झालं असेल, तर त्यांच्यासमोर एखादी सुटलेली शिवण नेऊन ठेवा. 'रद्द'चा शिक्का माझ्यावर शोभतो. त्यांच्या हातांवर तो राहू देऊ नका.